अरे देवा, पण इंग्रजीत

गॉश, गॉली, बाय गम : इथे सगळीकडे 'ग'. जी व्हिझ, जीझ, जीपर्स, जिमिनी : इथे 'ज'. क्राइकी, क्राइप्स, क्रम्ब्ज, क्रिमिनी : 'क्र'. लॉक्स, लॉर, लमी : 'ल'. इंग्रजी माणूस चकित झाला की जे काही पुटपुटतो, त्यातलं बरंचसं या चार अक्षरांत बसतं आणि चारही अक्षरांमागे एकेक नाव उभं आहे. गॉड, जीझस, क्राइस्ट, लॉर्ड. जीभ निघालेली असते देवाकडेच. पहिलं अक्षर सुटतं आणि मागून कोणीतरी सदरा ओढावा तशी ती ऐनवेळी भलत्याच गल्लीत वळते.

त्यातला 'जी' ऐकून आपल्याला उगाच कोणीतरी मान दिल्यासारखं वाटतं. आहे तो जीझसचा पहिला तुकडा.

*

सदरा ओढणारी मोझेसची तिसरी आज्ञा. कॅथलिकांच्या मोजणीत दुसरी. परमेश्वराचं नाव व्यर्थ घेऊ नकोस. सगळा भार 'व्यर्थ'वर. प्रार्थनेत घे, न्यायालयात शपथेवर घे. पण पायावर वरवंटा पडला म्हणून घेऊ नकोस आणि शेजाऱ्याने नवी गाडी घेतली म्हणून तर मुळीच नको.

आपल्याकडे याच्या नेमकं उलट. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची गोष्ट आहे. जन्मभर नाही नाही ते केलेला माणूस. मरताना यमदूत दिसले, घाबरला, धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचं नाव नारायण. तेवढ्यावर विष्णुदूत धावत आले. नाव घेतलं तेही चुकून, दुसऱ्याच कोणासाठी, आणि तरी जमेला धरलं गेलं! नामस्मरणावर वाढलेल्या माणसाला देवाचं नाव 'वाया' जातं हे पटायचं कसं? म्हणून दूध उतू गेलं की 'अरे देवा', नातू एकदम उभा राहिला की 'अरे देवा', आणि टोमॅटोचा भाव ऐकला तरी तेच. राम राम, शिव शिव, विठ्ठल विठ्ठल. मुखवटा कोणालाच नाही.

गोव्यात तर ख्रिस्ती घरांतही हाच खाक्या. आज्ञा तीच, पण कोकणीत 'जेजू!' सहज तोंडातून जातं. आणि 'सायबा भोगोस' तर फारच सोयीचं : प्रभू, क्षमा कर. नाव घेतल्याबद्दलची माफी उद्गारातच मागून टाकलेली.

*

नाव टाळायची शिस्त आपल्यालाही होती, फक्त ती देवाला लावली नव्हती. नवऱ्याला लावली होती. 'अहो', 'इकडून', 'बंडूचे बाबा'. शिवाय रात्री साप 'जनावर' किंवा 'लांबडं' होतो, बांगडी फुटत नाही तर वाढते, दिवा विझत नाही तर मालवतो, आणि घरातून निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. इतकं सगळं झाकलं, आणि देव तेवढा उघडा ठेवला. इंग्रजांनी नवऱ्याला मोकळं सोडलं आणि देवाला झाकलं. नवरा अधिक भयंकर की देव, हा ज्या त्या समाजाचा अनुभव.

आणखी एक गोष्ट आपण झाकली. शिवी. 'आयला', 'च्यायला', 'च्यामारी' यांच्या मागे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी क्रिकेटच्या सामन्यात झेल सुटल्यावर सत्तरीचे काकाही घरातल्या मुलांसमोर 'च्यायला' म्हणून जातात. धार बोथट झाली, मूठ राहिली. गॉशचंही हेच झालं.

*

१६०६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नटांना वेसण घालणारा कायदा केला. रंगमंचावर थट्टेने किंवा अनादराने देव, ख्रिस्त, पवित्र आत्मा किंवा त्रैक्य यांचं नाव घेतलं, तर दर वेळी दहा पौंड दंड. त्यातले अर्धे राजाला, अर्धे फिर्याद लावणाऱ्याला. स्ट्रॅटफर्डच्या शाळामास्तराला तेव्हा वर्षाला वीस पौंड मिळत. म्हणजे एका 'अरे देवा'ला मास्तराचा सहा महिन्यांचा पगार. कान देऊन नाटक पाहणाऱ्या लोभी माणसाला असे दिवस पुन्हा आले नसतील.

या कायद्याचा वळ 'ऑथेल्लो'च्या अंगावर अजून दिसतो. (आपल्याकडे देवलांनी त्याचा 'झुंझारराव' केला.) हे नाटक लागोपाठ दोनदा छापलं गेलं : १६२२ साली सुटं, आणि १६२३ साली शेक्सपिअरच्या नाटकांच्या जाडजूड संग्रहात. सुट्या पुस्तकात इयागो पहिल्याच प्रवेशात 'स्ब्लड' म्हणतो. देवाच्या रक्ताची आण. पुढच्या वर्षीच्या संग्रहात त्याच जागी ती आण नाही. वाक्य पुढे तसंच चालू, इयागो तसाच पाजी, फक्त तोंड धुतलेलं. दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहणाऱ्यांनी असे पन्नासहून अधिक उद्गार गळालेले मोजले आहेत. कुठे काहीच नाही, कुठे मिळमिळीत पर्याय. छापखान्याला हा कायदा लागूच नव्हता, म्हणून आधीचं पुस्तक तसंच सुटलं.

खोटे पुरावे पेरायला हरकत नाही, बायकोला उशीखाली कोंडून मारायला हरकत नाही. दचकून देवाला हाक मारायची नाही.

*

देवाचं नाव नको तर देवाचे अवयव घेऊ, ही त्या काळची पळवाट. 'झाउंड्ज' म्हणजे देवाच्या जखमा. 'गॅडझूक्स' म्हणजे बहुधा क्रुसावरचे खिळे. 'ऑड्ज बॉडकिन्स' म्हणजे देवाचा देह. 'स्ट्रूथ' म्हणजे देवाचं सत्य. हा अजून ऑस्ट्रेलियात धडधाकट आहे. 'ब्लायमी' म्हणजे 'देव मला आंधळं करो'. केवढी घोर शपथ! आणि आज लंडनचा टॅक्सीवाला चहा जरा जास्त गरम निघाला तरी डोळे पणाला लावून मोकळा होतो.

*

शेरिडनचं 'द रायव्हल्स' १७७५ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये आलं. त्यात बॉब एकर्स नावाचा एक गावाकडचा जमीनदार शहरी चालीरीती शिकायला धडपडतो. शपथांबद्दल त्याचं स्वतःचं शास्त्र आहे. जुन्या शिव्याशपथांची सद्दी संपली, आता शपथ विषयाला जुळणारी हवी. म्हणून बंदुकीची गोष्ट निघाली की तो चाप आणि चकमकीची शपथ घेतो, प्रवासाची निघाली की चाबूक आणि चाकांची. पुढे 'ऑड्ज' हे देवाचं झिजलेलं नाव, मागे हवा तो माल.

आता १९६६. अमेरिकन टीव्हीवर 'बॅटमॅन' मालिका सुरू झाली. बर्ट वॉर्डने केलेला रॉबिन दर संकटात हाताच्या तळव्यावर मूठ आपटून 'होली' म्हणतो आणि पुढे प्रसंगानुसार काहीही लावतो. 'होली होल इन अ डोनट' हा त्यातलाच एक. १९६८ पर्यंत १२० भाग झाले आणि असे उद्गार शेकडो. एकर्स आणि रॉबिन यांच्यात जवळजवळ दोनशे वर्षं, युक्ती तीच. शेरिडनच्या वारसांना कोणी मानधन दिल्याचं ऐकिवात नाही.

*

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या सिस्टर केरळच्या होत्या. प्रयोगशाळेत एकदा माझ्या शेजारच्या मुलीच्या हातून परीक्षानळी सुटली आणि ती 'ओ माय गॉड' म्हणून ओरडली. सिस्टर काचा ओलांडून थेट तिच्याकडे आल्या. काचांबद्दल अवाक्षर नाही. "से गुडनेस. से हेवन्स. से गुड ग्रेशस. नॉट दॅट." ती इतकी घाबरली की म्हणाली, "अय्या, सॉरी सिस्टर!" 'अय्या'वर सिस्टरांचा काही आक्षेप नव्हता. त्यांच्या कानाला ती 'अय्यो'ची सख्खी बहीण वाटली असणार.

'अय्यो' २०१६ साली ऑक्सफर्डच्या कोशात गेला. दक्षिणेने बाजी मारली.

*

सिस्टरांच्या 'गुड ग्रेशस'चा मोठा भाऊ 'गुडनेस ग्रेशस मी'. १९६० साली पीटर सेलर्स आणि सोफिया लॉरेन यांनी या नावाचं गाणं केलं. 'द मिल्यनेरेस' या चित्रपटात सेलर्स भारतीय डॉक्टर झाला होता, त्याच पात्राच्या आवाजात हे गाणं. इंग्लंडात ते खूप चाललं, आणि पुढे कित्येक वर्षं तिथल्या भारतीय मुलांना शाळेत हाच उद्गार, मान डोलावत, ऐकून घ्यावा लागला. भारतीय माणूस चकित झाला की असंच म्हणतो, ही गोऱ्यांची समजूत.

१९९० च्या दशकात त्याच मुलांनी हिशोब चुकता केला. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया यांनी बीबीसीवर प्रहसनांची मालिका आणली, आधी रेडिओवर आणि १९९८ पासून टीव्हीवर. नाव ठेवलं 'गुडनेस ग्रेशस मी'. त्यातलं सर्वांत गाजलेलं प्रहसन म्हणजे भारतीय मंडळी 'इंग्लिश' जेवायला हॉटेलात जातात आणि सगळ्यांत मिळमिळीत पदार्थ कोणता म्हणून वेटरला विचारतात. चिडवायला वापरलेला शब्द दारावर पाटी म्हणून लावायला धमक लागते.

*

'हॉब्सन-जॉब्सन' हा हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा १८८६ चा कोश. हिंदुस्थानात राहून साहेबाच्या इंग्रजीत जे जे शिरलं, ते त्यात. त्यात 'बॉबरी-बॉब' अशी नोंद आहे. नुसती वाचून काही कळत नाही. मोठ्याने, जरा घाईने म्हणून पाहा. बाप रे बाप!

आश्चर्य वाटलं किंवा दुःख झालं की हिंदू लोक असं ओरडतात, असा खुलासा कोशकारांनी दिला आहे. गंमत पुढे आहे. साहेबाला शब्दांचा अर्थ कुठला कळायला, त्याला गलका कळला. म्हणून 'बॉबरी' म्हणजे दंगा, आरडाओरडा, ठणाणा. मग शिकारीला नेलेल्या नाना जातींच्या भटक्या कुत्र्यांचं टोळकं झालं 'बॉबरी पॅक'. आपल्या तीर्थरूपांना हाक मारता मारता कुठे येऊन पोचलो पाहा.

कोशाचं नावसुद्धा उद्गारच. मोहरममधला 'या हसन! या हुसेन!' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांतून गेला आणि हॉब्सन आणि जॉब्सन असे दोन इंग्रज गृहस्थ होऊन बाहेर पडला.

*

आपण घाबरलो की बाप, कळ आली की आई. इंग्रजी उद्गारांत आईबाप सहसा नाहीत. अमेरिकेत 'ओ बॉय', 'ओ ब्रदर'; इंग्लंडात चक्कर आलेली एक मावशी, 'माय गिडी आँट'. बाकी नातेवाईक आश्चर्याच्या वेळी हजर नसतात.

*

१९२७ साली हॉलिवूडच्या निर्मात्यांनी 'हे करू नका' आणि 'हे जपून करा' अशी आपली आपणच यादी केली. सरकारने डोक्यावर बसण्याआधी स्वतःच सोवळं नेसलेलं बरं, असा हिशोब. 'करू नका'मधलं पहिलंच कलम : गॉड, लॉर्ड, जीझस, क्राइस्ट, हेल, डॅम हे शब्द नकोत, 'गॉड'चं गावठी रूपही नको, स्पेलिंग कसंही केलं तरी नको. धार्मिक विधीत आदराने आलं तर देवाच्या नावाला परवानगी. आणि ही बंदी पडद्यावरच्या पाटीला आहे तशीच ओठांनाही आहे.

ओठांना! चित्रपट मुके होते ना अजून. पण १९२६ च्या 'व्हॉट प्राइस ग्लोरी' या मुक्या युद्धपटात नटांनी कॅमेऱ्यासमोर मनसोक्त तोंडसुख घेतलं होतं. पाटीवर सभ्य मजकूर, ओठांवर भलताच. ओठ वाचता येणाऱ्या प्रेक्षकांनी तक्रारी केल्या. मुक्या पटातल्या शिव्या बहिऱ्या माणसांनी पकडल्या असाव्यात, हे चित्र मला फार आवडतं.

मग बोलपट आला, १९३४ पासून नियमावली कडक झाली, आणि गॉश, गॉली, जी यांचं सुगीचं दशक सुरू झालं. डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'मधले (१९३७) बुटके 'जिमिनी क्रिकेट्स' म्हणून दचकतात. तीन वर्षांनी 'पिनोकिओ' आला. कोलोदीच्या मूळ इटालियन गोष्टीतल्या बोलक्या रातकिड्याला नाव नाही, आणि पिनोकिओ त्याला हातोडा फेकून मारतोसुद्धा. डिस्नेने त्याला जगवलं, टोपी-छत्री दिली, पिनोकिओच्या सदसद्विवेकाची नोकरी दिली आणि नाव ठेवलं जिमिनी क्रिकेट. इंग्रजी आद्याक्षरं पाहा : जे. सी. जीझस क्राइस्ट. उपदेश करणाऱ्याच्या अंगावरच चोरून घेतलेलं नाव.

हीच आद्याक्षरं घोड्यालाही मिळाली आहेत. १९३८ च्या 'गोइंग प्लेसेस'मध्ये लुई आर्मस्ट्राँग 'जीपर्स क्रीपर्स' हे गाणं एका घोड्यासमोर उभा राहून गातो. घोड्याचं नावही तेच. हेवी मेटलवाल्यांचा 'जुडास प्रीस्ट'ही मूळचा असाच मुखवटा. बँडने तो बॉब डिलनच्या एका गाण्याच्या नावातून उचलला.

*

डॅरेल हफ यांच्या 'हाऊ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स' (१९५४) मध्ये एका प्रकरणाचं नाव 'द जी-व्हिझ ग्राफ'. आलेखाचा तळ कापायचा, उभी पट्टी ताणायची, की किरकोळ वाढही कड्यासारखी दिसते आणि बघणारा म्हणतो, जी व्हिझ. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्र उघडताना हे नाव आठवतं. मराठीत 'अबब आलेख' म्हणायला हरकत नसावी.

*

उद्गारावरून माणसाचं वय, वर्ग आणि गाव कळतं. 'बाय जोव्ह' म्हणजे मिशा आणि पलटण. जोव्ह म्हणजे रोमनांचा जुपिटर. त्याचे भक्त कधीच संपलेले, म्हणून कोणाच्या भावना दुखायची भीती नाही. 'ब्लायमी' पूर्व लंडनचा. 'क्राइकी' म्हटलं की ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह अर्विन, खाकी अर्धी चड्डी आणि पुढ्यात मगर. आणि 'गॉली' म्हणजे एनिड ब्लायटन.

दादर-पार्ल्याच्या लायब्रऱ्यांतून 'फेमस फाइव्ह' आणून वाचणारी एक पिढी आमच्याकडे होऊन गेली. १९४२ ते १९६३ या काळात आलेली ही २१ पुस्तकं. जिंजर बीअर कोणी पाहिली नव्हती, पण सुट्टीत कोकणात गेल्यावर विहिरीत कासव दिसलं की मुलं आपसांत 'गॉली!' म्हणायची. तोवर इंग्लंडातल्या मुलांनी तो शब्द टाकून दिलेला. आमच्याकडे कळायला मार्ग नव्हता.

२०१० साली प्रकाशकांनी ब्लायटनची भाषा ताजी करायला घेतली. 'मर्सी मी'च्या जागी 'ओ नो' आलं. मुलांना जुनी भाषा अडते, अशी समजूत. २०१६ साली त्यांनीच कबूल केलं की हे काही जमलं नाही, आणि जुना मजकूर परत आणला. मला नवल वाटलं नाही. मुलं अपरिचित शब्दाला अडत नाहीत. मोठी माणसं अडतात. 'मर्सी मी' म्हणजे काय हे न कळताही वाचता येतं, आणि गुहेचं दार उघडल्यावर 'ओ नो' म्हणणारं पोर साहसाला निघालंय की गृहपाठ विसरलंय ते कळत नाही.

*

११ एप्रिल १९१४. लंडनमध्ये शॉच्या 'पिग्मॅलियन'चा प्रयोग. फुलवालीची सभ्य बाई झालेली एलायझा निघताना 'ब्लडी' शब्द वापरते, आणि प्रेक्षागृहात हास्याचा स्फोट. वर्तमानपत्रांना पुढे कित्येक दिवस हाच विषय. त्यातून एक मजेदार प्रकार रूढ झाला : लोक 'ब्लडी' म्हणायच्या जागी 'पिग्मॅलियन' म्हणू लागले. नाटकाचं नाव हाच मुखवटा.

आपल्याकडे पु. लं.नी १९७५ साली त्याची 'ती फुलराणी' केली. भक्ती बर्वेंची मंजुळा पाहिलेले लोक अजून भेटतात आणि अजून तिच्यासारखं बोलून दाखवतात. तिथे मात्र कोणाला धक्का बसला नाही. मराठी कानाला धक्का बसायला बोलीतला ठसका पुरत नाही.

*

उद्गारांतली माणसं. 'व्हॉट द डिकन्स'मधला डिकन्स चार्ल्स नव्हे. शेक्सपिअरच्या 'मेरी वाइव्ज ऑफ विंडसर'मध्ये तो आहे, म्हणजे कादंबरीकार जन्मायच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी. तो सैतान. 'ग्रेट स्कॉट'मधला स्कॉट बहुधा जनरल विन्फिल्ड स्कॉट, मेक्सिकोचं युद्ध जिंकलेला आणि १८५२ ची अध्यक्षीय निवडणूक हरलेला. 'गॉर्डन बेनेट' हा 'न्यूयॉर्क हेरल्ड'चा उधळ्या मालक. आफ्रिकेत लिव्हिंग्स्टनच्या शोधात स्टॅनलेला यानेच पाठवलं. पण मला वाटतं त्याचं कर्तृत्व यात दुय्यम. 'गॉर' म्हणता म्हणता 'गॉर्डन' जिभेला सापडला, बस्स.

आणि 'हेवन्स टु बेट्सी'मधली बेट्सी? चार्ल्स अर्ल फंक यांनी १९५५ साली अशा वाक्प्रचारांच्या मुळांवर एक पुस्तक लिहिलं आणि नावच ठेवलं 'हेवन्स टु बेट्सी!'. आत त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं आहे की या बाईचा पत्ता लागणं शक्य नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर नाही तोच मुखपृष्ठावर. असे कोशकार हवेत.

*

ओएमजी हे मोबाईलवरच्या पोरांचं पाप, असा आमच्या पिढीचा ठाम समज. ९ सप्टेंबर १९१७ रोजी ब्रिटिश आरमाराचे निवृत्त प्रमुख जॉन फिशर यांनी चर्चिलना पत्र लिहिलं. सरदारकीच्या एका नव्या पदवीची चर्चा चालू असल्याचं कानावर आलंय, ती पदवी म्हणजे ओएमजी, असं म्हणून त्यांनी कंसात विस्तारही दिला आणि पुढे आरमारी खात्यावर तिचा वर्षाव करा असा टोमणा मारला. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. सिलोनमध्ये जन्मलेला, पत्रांत उद्गारचिन्हांची खैरात करणारा हा म्हातारा आज हयात असता, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून त्याला दर आठवड्याला काढावं लागलं असतं.

*

'वाव' देवाचं नाव चोरत नाही. स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकापासून आहे, आणि नुसता श्वास आहे.

त्याची सर्वांत मोलाची प्रत ओहायोतली. १५ ऑगस्ट १९७७ रोजी तिथल्या 'बिग इअर' रेडिओ दुर्बिणीने ७२ सेकंद एक तीव्र संदेश टिपला. काही दिवसांनी जेरी एहमन संगणकाने छापलेल्या कागदांच्या चळतीतून नजर फिरवत होते. पानभर एक, दोन, एक, एक, कोरी जागा, तीन असे बारीक आकडे. आकाशातली नेहमीची कुजबुज. या मांडणीत नऊच्या वरची तीव्रता अक्षरांनी दाखवत. एका उभ्या ओळीत सहा, ई, क्यू, यू, जे, पाच. त्यांनी लाल पेनाने त्या सहा खुणांना वेढा घातला आणि समासात लिहिलं, 'वाव!'. संदेश पुन्हा आला नाही. नाव मात्र समासातलंच लागलं. खगोलशास्त्रात आजही तो 'वाव सिग्नल'. शास्त्रज्ञाने अहवाल लिहिण्याआधी काय लिहिलं ते टिकलं.

*

सगळ्यांत लहान 'ओ'. समाजशास्त्रज्ञ जॉन हेरिटेज यांनी १९८४ साली यावर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, 'ओ'मध्ये भावना असते की नाही ते जाऊ द्या. तो सांगतो एवढंच की मला हे माहीत नव्हतं, आता कळलं. म्हणून वर्गात मास्तर प्रश्न विचारतात, मुलगा बरोबर उत्तर देतो, तेव्हा मास्तर 'ओ' म्हणत नाहीत. त्यांना ते आधीच ठाऊक असतं. म्हणाले तर वर्ग हसेल.

आपलं 'हो का?' असंच. फक्त त्याला उतार दिला की अर्थ 'कळलं', चढ दिला की 'खरंच?', आणि 'का' लांबवला की 'थापा मारू नकोस'. लग्न जमवायला बसलेल्या बायकांच्या 'हो काऽ'वर एक प्रबंध सहज होईल.

*

'होली मॅकरेल' म्हणजे शब्दशः पवित्र बांगडा. मालवणात हे वेगळं सांगायची गरज नाही.

*

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलांना हमखास विचारला जाणारा प्रश्न : 'होली काऊ' तुमच्याकडून आलं ना? तुमच्यात गाय पवित्र असते म्हणून? मुलगा आधी गाईचं महत्त्व समजावतो, मग आपण बीफ खातो की नाही हे समजावतो, आणि तोवर बस येते. क्राइस्टच्या जागी 'क'च्या उच्चाराचं काहीतरी निरुपद्रवी हवं होतं, त्यात गाय सापडली, हे अधिक पटणारं. पूर्वेकडच्या पवित्र गाईची ऐकीव माहिती तिला थोडी उपयोगी पडली असेल.

या उद्गाराला खरा मान मिळवून दिला तो बेसबॉलच्या समालोचकांनी. न्यूयॉर्क यांकीजचा जुना खेळाडू फिल रिझुटो निवृत्तीनंतर समालोचक झाला आणि चांगला फटका बसला की 'होली काऊ!' म्हणून ओरडायचा. ४ ऑगस्ट १९८५ रोजी यांकी स्टेडियमवर त्याचा सत्कार ठरला. त्याचा दहा नंबरचा सदरा कायमचा निवृत्त करायचा होता. संयोजकांना वाटलं, नुसतं मानपत्र काय द्यायचं. त्यांनी मैदानात एक खरीखुरी गाय आणली, तिच्या शिंगांवर संतांच्या चित्रात असतं तसं तेजोवलय बसवलेलं. रिझुटो हसत हसत पुढे झाला. गाईने त्याच्या बुटावर पाय ठेवला, धक्का दिला आणि सत्कारमूर्ती हजारो लोकांसमोर मागे आडवी झाली. फारसं लागलं नाही. सामनाही यांकीज हरले. समोरच्या संघाच्या टॉम सीव्हरने त्याच दिवशी कारकिर्दीतला ३०० वा विजय मिळवला.